घोड्याची किंमत छापता, तसे दात पण छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

माळेगावच्या यात्रेतल्या घोड्यांचे फोटो तुमच्या पेपरात दरवर्षी येतात, कोणाचा नुकरा (पांढरा घोडा) केवढ्याला मागितला, कोणता घोडा कुठून आला, आम्ही पण आवडीनं वाचतो, खोटं कशाला बोलू. पण ह्या टायमाला त्या फोटोपायी आमच्या घरात महिनाभर भांडण चालू आहे म्हणून हे पत्र.

आमचं पोरगं पंधरा वर्षाचं. फोटो स्टेटसला ठेवला आन् डोक्यातच घेतलं की घोडा पाहिजे. येळवसीची (वेळा अमावस्येची) भज्जी-आंबील झाली, दुसऱ्या दिवशी बापलेक मोटारसायकलवर माळेगावला. खंडोबाचं दर्शन घेतलं आणि थेट घोड्यात शिरलो. तिथं एक कुमेत, म्हणजे तांबड्या अंगाचा काळ्या आयाळीचा बछडा होता, मारवाडी जातीचा, कपाळावर टिकला, कानाची टोकं एकमेकाला टेकायलेली. पोरगं तिथंच खिळलं. खरं सांगायचं तर मी बी खिळलो. मालक म्हणला, "मामा, चार वर्षाचा आहे, फुल तयार, लहान लेकरू बसवा."

मी ओठ वर करून दात बघितले. समोरची मधली जोडी तेवढी मोठी, पक्की, बाजूची सगळी दुधाची, बारकी बारकी. आता घोड्याचं गणित असं असतं की मधली जोडी अडीच वर्षाच्या आसपास बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला, म्हणजे पाच वर्षाला तोंड पूर्ण होतं. मग हा चार वर्षाचा कसा? तर मालक म्हणे आमच्याकडच्या पाण्यानं दात उशिरा येतात! मी काही बोललो नाही, हसलो फक्त. मालक चहाला गेल्यावर घोड्याजवळच्या पोऱ्याला इचारलं तर त्यानं सरळ सांगून टाकलं, खोगीर टाकून दीड महिना झाला मामा.

मग नीट बघायला लागलो. तोंडाच्या कोपऱ्यात लगामानं सोललेलं होतं, वरून हळद लावलेली. पोऱ्या फिरवून दाखवायचा तर डावीकडंच वळवायचा, उजवीकडं वळव म्हणलं की घोडा मान ताठ करायचा. म्हणलं याला बाकीच्या घोड्यातून एकट्याला रस्त्यापर्यंत ने बरं. वीस पावलं गेला नसंल, एक फ्लेक्स वाऱ्यानं फडफडला आणि गडी चारी पाय रोवून उभा, नाकपुड्या फुगलेल्या, अंग थरथर कापायलेलं. परतताना तोच फ्लेक्स दुसऱ्या बाजूला आला तर परत बुजला. यात घोड्याचा दोष काही नाही हो, त्याचे डोळे दोन बाजूला असतात, एका बाजूनं ओळखीचं झालेलं दुसऱ्या बाजूनं बऱ्याचदा नवीनच वाटतं, दोन्हीकडून शिकवावं लागतं. दीड महिन्यात काय होणार? त्यात कच्च्या हाडावर वजन, पाठीच्या मणक्याची हाडं पक्की व्हायला पाच-साडेपाच वर्ष लागतात. माझं वजन 86 किलो, मी तर त्याच्यावर बसायचाच नाही.

पण मोह सुटत नाही साहेब. किंमत तयार घोड्यापेक्षा निम्मी, आन् मनात येतं की आपल्या हातानं घडवू, पोरगं आणि घोडा संगं मोठे होतील. ऐकायला किती भारी वाटतं! मी पण लहानपणी आजोबाच्या घोडीवर बसून बाजाराला जायचो, मग मला येतं असं मी पंचवीस वर्ष सगळ्यांना सांगत आलो. आत्ता कुठं ध्यानात आलं की मला काहीच येत नव्हतं, सगळं घोडीला येत होतं. ओढा कुठून उतरायचा, एसटी आली की कडेला कसं उभं राहायचं, सगळं तिनं मला शिकवलं. आता आमच्या पोराला काही येत नाही आणि ह्या बछड्यालाही काही येत नाही, दोघं रस्त्यावर निघाले आणि समोरून उसाचं ट्रॅक्टर आलं तर कोण कोणाला सांभाळणार?

खर्चाचं वेगळंच. नालबंद दर सहा-सात आठवड्याला लागतो, आमच्या भागात तो शोधावा लागतो. धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवून चालत नाही. बुरशी आलेलं भुसकट बैलाला चालत नाही तर घोड्याला काय चालणार, त्याला उलटी होत नाही, पोट धरलं की रात्रीतून खेळ खलास. ग्लँडर्स नावाच्या घोड्याच्या रोगासाठी रक्त तपासून हिसारच्या सरकारी घोडा संशोधन केंद्राचा रिपोर्ट आहे का असं मी मालकाला इचारलं तर त्यानं विषयच बदलला. तो रोग माणसाला पण होतो, आणि घोड्यात निघाला तर घोडा मारूनच टाकावा लागतो.

आमच्याकडं एक म्हातारा चाबूकस्वार, म्हणजे घोडे शिकवणारा आहे, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणला बछडा घ्यायचा असंल तर घे, पण सहा महिने कोणी वर बसायचं नाही, दोरावर फिरवायचा, गावातून हातानं चालवायचा, रोज दोन तास, आहे का तुझ्याकडं टाइम? सोयाबीन, हरभरा, ऊस, कुठला टाइम. त्यानं एक नऊ वर्षाची घोडी सुचवली, पोट सुटलेलं, एक कान फाटका, पण रेवाल चालती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन बसा, सांडायचा नाही. पोरगं म्हणतं असल्या घोडीचा फोटो कोण काढतंय.

बछड्याच्या मालकाचा अजून फोन येतो, टोकन द्या, पाडव्यापर्यंत ठेवतो म्हणतो. माझं मन घोडीकडं आहे, पण पोरगं चार दिवस झाले माझ्याशी बोलत नाही.

तर विनंती एवढीच की पुढच्या यात्रेच्या आधी किमतीच्या शेजारी एक चौकट छापा, दात कसे बघायचे त्याची, पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून लिहून घेऊन, चित्रासहित. आणि हे पत्र छापणार असाल तर जरा लवकर, शक्यतो रविवारी छापा. पोरगं रविवारीच पेपर वाचतं, आणि माझं नाही पण छापून आलेलं ऐकतं.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. लोहा, जि. नांदेड