बाबांच्या लसीचं आधी ठरवूया

नैरोबी

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

इकडे केनियाला यायची तिकिटं इतक्यात काढू नका, असं मी म्हणाले ते बाबांना लागलं, हे फोनवरच कळलं. म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळं अडतंय ते पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीवर. केनियाहून भारतात परतणाऱ्यांकडे तिचं प्रमाणपत्र मागतात; नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आपल्याकडे हा आजार नाही, पण तो पसरवणारा डास आहे, त्यामुळे ही कडक तपासणी मला पटते. लस घेतल्यावर 10 दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि जन्मभर चालतं.

पण ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांना गंभीर त्रास क्वचितच होतो, तरी तरुणांपेक्षा जास्त होतो. बाबा, तुम्ही 68 चे, त्यात संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू. त्या गोळीने प्रतिकारशक्ती दबते, आणि अशा माणसाला जिवंत लस द्यावी का, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. म्हणून लसीकरण केंद्रावर जाण्याआधी तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांना भेटा. कृपा करून लसीसाठी गोळी मनाने बंद करू नका.

लस नको असं डॉक्टर लिहून देऊ शकतात. ते पत्र मानायचं की नाही हे मात्र विमानतळावरचे अधिकारी ठरवणार. शिवाय आपल्याला इथल्या मसाई मारा अभयारण्यातही जायचंय, आणि तिथे लसीच्या संरक्षणाशिवाय तुम्हाला न्यायला माझं मन धजत नाही.

आई, तुझं त्यामानाने सोपं आहे. टायफॉइडची घे. धनुर्वाताची घेऊन 10 वर्षं झाली असतील तर तीही. हिपॅटायटिस ए आपल्याकडे पुष्कळांना लहानपणीच होऊन गेलेला असतो, तेव्हा आधी रक्त तपासून घेतलंस तर कदाचित लस लागणारही नाही. मावशीची यादी तशीच्या तशी उचलू नकोस, ती वेगळ्या देशात गेली होती. मलेरियासाठी प्रवाशांना लस नाही, गोळ्या असतात. त्या निघण्याआधी सुरू करून घरी परतल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायच्या. डास दिसले नाहीत म्हणून मधेच सोडायच्या नाहीत.

डॉक्टर बाबांना नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. मग मीच सुट्टी टाकून येते. भेट झाली की काय म्हणाले ते लगेच कळवा, इथे रजेचा अर्ज आधी द्यावा लागतो.

तुमची लेक