'ला शिएन'चा आवाज जपल्याबद्दल

दादा,

फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वांच्या १९३१ सालच्या 'ला शिएन' या बोलपटाच्या खेळाला प्रोजेक्टर आणि आवाज तुम्ही सांभाळलात. चित्रपट मंडळातर्फे मनापासून आभार. तुम्ही नेमकं काय केलंत ते उघडपणे लिहितो आहोत, म्हणजे सुरुवातीचे बोलपट दाखवणाऱ्या इतर मंडळांनाही उपयोग होईल.

आधी चौकट. फिल्मच्या पट्टीवर आवाजाची रेघ आली आणि तिने चित्राची जागा घेतली. चित्र जवळजवळ चौरस, रुंदी-उंचीच्या १.१९:१ प्रमाणाचं झालं. १९२०×१०८० पिक्सेलच्या प्रोजेक्टरवर ते जेमतेम १२८५ पिक्सेल रुंद भरतं, दोन्ही बाजूंना तीनशेहून जास्त पिक्सेल काळे राहतात. पडदा भरावा म्हणून झूम केलं की नायक मिशेल सिमोंचं डोकं कापलं जातं, ताणलं की सगळे जाडे दिसतात. तुम्ही मूळ प्रमाण ठेवलंत आणि बाजूचे काळे पडदे चित्राच्या कडेपर्यंत ओढलेत. खिडक्या, दारं, कळसूत्री बाहुल्यांचा मंच, अशा चौकटीतल्या चौकटींचा हा चित्रपट. इथे कड गेली की मांडणीच मोडते.

पण खरे आभार आवाजाचे. पॅरिसच्या मोंमार्त्र भागातल्या रस्त्यावरचे प्रसंग जागेवरच ध्वनिमुद्रित झाले. गटारातलं पाणी माइकमध्ये धबधब्यासारखं घुमू लागलं, तेव्हा रेन्वांनी त्या गटाराचाच क्लोजअप घेतला! असा ध्वनिपट साफ करायला गेलं की खरखरीबरोबर स, श, फ जातात, आणि पाठोपाठ रस्त्याचे आवाजही. तुम्ही नॉइज रिडक्शन, म्हणजे खरखर काढणारी सोय, बंद ठेवलंत, फक्त ८००० हर्ट्झच्या वरचा भाग हलका उतरवलात. त्या काळच्या पट्टीत तिथे बोलणं फारसं उरत नाही. मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, आवाज मधल्या एकाच स्पीकरला दिलात. डावा-उजवा दोन्ही चालू असते तर कडेला बसलेल्यांना संवाद जवळच्या भिंतीतून आल्यासारखे वाटले असते.

खुनाच्या प्रसंगात हे सगळं कामी आलं. घाव पडद्यावर दिसत नाही. खाली रस्त्यावर गाणं रंगतं, घोळका जमतो, कॅमेरा भिंतीवरून वर खिडकीपर्यंत चढतो, आणि गाणं थांबत नाही. ते मोठं वाटलं की हात आपसूक फेडरकडे, आवाज कमी करणाऱ्या सरकपट्टीकडे, जातो. तुमचा गेला नाही. गाणं दबलं असतं तर वरची खोली आणि खालचा बेसावध घोळका यांना बांधणारा धागाच तुटला असता.

रेन्वांचाच १९३२ चा 'ला नुई द्यु कारफूर' आता दाखवायचा आहे. तोही तुमच्याच हाती देऊ इच्छितो.

आपले,
मंडळाचे सदस्य