गिटार ऐकू येत नाही म्हणून स्पीकर वाढवू नका

मा. संपादक, नमस्कार,

मागच्या महिन्यात आम्ही काही जणांनी मिळून इटलीच्या विवाल्डी या जुन्या संगीतकाराचा डी मेजर कॉन्सर्टो (एक वाद्य पुढे आणि बाकीची साथीला अशी रचना) वाजवला, पुढे क्लासिकल गिटार आणि मागे व्हायोलिनवाले, आणि नंतर भेटेल तो एकच सांगतोय की व्हायोलिन मस्त झालं पण गिटार ऐकूच आली नाही. त्यावर उपाय म्हणून पुढच्या वेळी मोठे स्पीकर लावा असा सल्ला मिळतोय, म्हणून हे पत्र.

हा कॉन्सर्टो विवाल्डीने १७३० च्या सुमारास लिहिला तो मुळात ल्यूट या गिटारसारख्या जुन्या तारवाद्यासाठी, सोबत फक्त दोन व्हायोलिन आणि खालचा बास, बस. म्हणजे मोठा ऑर्केस्ट्रा नाही म्हणून सोलापुरात हे होणार नाही असं काही नाही, आपल्या शहरात हे आरामात होतं. आम्हाला चेलो (व्हायोलिनसारखंच पण मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) मिळाला नाही तर बासची लाइन कीबोर्डवर घेतली.

खरा घाम गाळला तो आमच्या व्हायोलिनवाल्यांनी. ते शिकलेले आपलं शास्त्रीय, तारा सा-प मध्ये लावायची सवय, इथे जी-डी-ए-ई लावायच्या, मींड न घेता सूर सरळ ठेवायचा आणि ठेका धरायला तबला नाही, तर एकमेकांचा बो (गज) बघून चालायचं. मधला लार्गो, म्हणजे संथ भाग, तर फारच नाजूक, गिटार एकटी गाते आणि व्हायोलिन मागे लांब सूर धरून बसतात, तिथे बो जरा जरी दाबला तरी गिटार गेलीच. ते त्यांनी इतकं हळू वाजवलं की मी वाजवता वाजवता त्यांच्याकडेच बघत होतो, खरंच कौतुक आहे त्यांचं.

पण हॉलच्या साउंडवाल्यांनी प्रत्येकापुढे माइक ठेवला, वर मोठे पंखे चालू, आणि गिटारचा माइक थेट भोकासमोर, तिथून नुसता घुमणारा आवाज येतो, तार छेडल्याचा येतच नाही. तो बाराव्या फ्रेटच्या (गिटारच्या दांडीवरच्या बाराव्या पट्टीच्या) समोर ठेवायचा असतो, आणि व्हायोलिनला छोट्या हॉलमध्ये माइक लागतच नाही. १८०८ मध्ये जुलियानी या इटालियन गिटारवादकाने व्हिएन्नात स्वतःचा गिटार कॉन्सर्टो वाजवला तेव्हा कुठला आला माइक, आणि स्पॅनिश संगीतकार रोद्रिगोचा १९३९ चा अरानहुएझ हा गिटार कॉन्सर्टो तर पूर्ण ऑर्केस्ट्राचा, तरी गिटार चालू असताना मागची वाद्यं त्याने किती कमी ठेवलीत ते ऐकून बघा. नायलॉनच्या तारेचा आवाज मुळात लहान, तो ओढून मोठा केला की त्यातली गोडीच जाते हो.

तर आयोजकांना आणि हॉलवाल्यांना हात जोडून विनंती, कार्यक्रमाआधी रिकाम्या हॉलमध्ये अर्धा तास द्या, साउंडवाल्याने एकदा शेवटच्या रांगेत बसून ऐकावं, आणि वाजवताना पंखे बंद ठेवा, एसी असेल तर तो आधीच लावून ठेवा कारण मध्येच लावला की तारांचा सूर हलतो. प्रेक्षकांनी मध्ये आम्हाला तार जुळवायला थोडा वेळ दिला तर अजूनच बरं.

आणि एक, सोलापुरात किंवा बार्शी, पंढरपूरकडे कोणी चेलो वाजवत असेल, अगदी शिकाऊ असला तरी चालेल, तर कृपया पेपरच्या ऑफिसमार्फत कळवा, आम्हाला जुलियानीचा कॉन्सर्टो करायचाय.

आपला वाचक,
जुळे सोलापूर