यशयाचा त्रेपन्नावा अध्याय कुणीही लपवलेला नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गुड फ्रायडे जवळ आला की दोन मजकूर हमखास फिरू लागतात. पहिला म्हणतो की मशीहाचे, म्हणजे देवाने अभिषिक्त केलेल्या तारणाऱ्याचे, मरण आणि पुनरुत्थान इब्री शास्त्रात स्वच्छ लिहिलेले आहे, आणि ते उघडे पडू नये म्हणून यहुदी लोक यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५३वा अध्याय सभास्थानात वाचत नाहीत. दुसरा म्हणतो की ही वचने ख्रिस्ती लोकांनी मागाहून घुसडली. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. पहिली तर एका समाजावर घेतलेला आळ आहे, आणि त्या समाजात मराठी बोलणारे बेने इस्रायलही येतात. म्हणून हे पत्र.

सभास्थानात दर शब्बाथला (शनिवारी) तोराचा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचा, एक भाग वाचतात आणि त्याला जोडून संदेष्ट्यांचा एक उतारा, ज्याला हफ्तारा म्हणतात. तोरा वर्षात पूर्ण होते. संदेष्ट्यांची पुस्तके कधीच पूर्ण होत नाहीत, त्यांचा बराच मोठा भाग वाचनात येत नाही. मंदिराच्या विध्वंसाच्या उपासानंतर सात आठवडे यशयातले सांत्वनाचे उतारे असतात. चौथ्या आठवड्याचा उतारा ५२:१२ला थांबतो आणि पाचव्याचा ५४:१पासून सुरू होतो. आरोप करणारे या फटीकडे बोट दाखवतात. पण तिसऱ्या आठवड्यालाच ५४:११पासूनचा उतारा वाचून झालेला असतो, म्हणजे हे वाचन मुळात ओळीने चालतच नाही. विषय सांत्वनाचा, त्याप्रमाणे उतारे निवडलेले. शिवाय प्रत्येक छापील तनाखमध्ये (इब्री बायबलमध्ये) हा अध्याय आहे आणि त्यावर अकराव्या शतकातल्या राशी या यहुदी भाष्यकाराचे भाष्यही आहे. लपवायच्या गोष्टीवर कुणी भाष्य लिहीत नाही.

‘मागाहून घुसडले’ म्हणणाऱ्यांना कुमरानची गुंडाळी पुरेशी आहे. १९४७ साली मृत समुद्राकाठच्या गुहेत यशयाचे अख्खे पुस्तक सापडले, सात मीटरहून लांब, येशूच्या जन्माच्या शंभरएक वर्षे आधी लिहिलेले. त्रेपन्नावा अध्याय त्यात आहे.

आता मजकुराकडे. हा उतारा ५३:१ला नव्हे, ५२:१३ला सुरू होतो. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकातले आहेत, ते बाजूला ठेवून वाचावे. परमेश्वराचा सेवक तुच्छ मानला जातो, इतरांच्या अपराधांसाठी घायाळ होतो, ‘जिवंतांच्या भूमीतून’ तोडला जातो, त्याला कबर मिळते. मरण अगदी स्पष्ट आहे. पण हा सेवक कोण? ४१:८, ४४:१ आणि ४९:३ या ठिकाणी तो इस्राएल आहे, आणि राशी तोच अर्थ घेतो. ४९:५-६मध्ये मात्र सेवकाचे कामच इस्राएलला परत आणण्याचे आहे, त्यामुळे राष्ट्र म्हणून प्रश्न मिटत नाही. तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथातही एके ठिकाणी ५३:४ मशीहाला लावलेले आढळते. ‘मशीहा’ हा शब्द मात्र या उताऱ्यात नाही. यशयाच्या सबंध पुस्तकात तो एकदाच येतो, ४५:१मध्ये, आणि तिथे तो पारसी राजा कोरेश याच्यासाठी आहे!

पुनरुत्थानाचा सगळा भार ५३:१०-११वर आहे: सेवक संतती पाहील, दीर्घायू होईल. अकराव्या वचनात प्रचलित इब्री पाठ नुसता ‘तो पाहील’ म्हणतो, काय ते सांगत नाही. कुमरानच्या गुंडाळीत तिथे ‘प्रकाश’ हा शब्द आहे, आणि येशूपूर्वी यहुद्यांनीच केलेल्या ग्रीक भाषांतरातही तो आहे. मरणानंतर प्रकाश पाहणारा सेवक! माझ्या मते ख्रिस्ती वाचनाला इथे भक्कम आधार मिळतो. तरीही ‘उठला’ असे वचन म्हणत नाही, आणि ते म्हणते असे छापू नये.

स्तोत्र २२मधल्या ‘हातपाय विंधले’ या ओळीची गोष्ट एका अक्षराची आहे. प्रचलित पाठात ‘काआरी’, म्हणजे सिंहासारखे, असे आहे आणि वाक्याला क्रियापदच उरत नाही. ग्रीक भाषांतरात ‘खणले’ आहे, म्हणजे त्यांच्यापुढे ‘काआरू’सारखे काही होते. शेवटचे अक्षर योद की वाव, एवढाच फरक. योदची रेघ आखूड, वावची लांब. हस्तलिखितात आपल्याकडे ‘घ’ आणि ‘ध’ची गल्लत होते तसेच. मृत समुद्राजवळच्या नहल हेव्हेर इथे सापडलेल्या जुन्या तुकड्यावर बहुतेक जाणकार वाव वाचतात. पण ‘खणले’वरून खिळे ठोकण्यापर्यंत जाण्याआधी एवढे लक्षात घ्यावे की शुभवर्तमानांनी याच स्तोत्राची पहिली ओळ आणि कपडे वाटून घेण्याची ओळ घेतली, ही ओळ घेतली नाही. पडताळणाऱ्यांसाठी एक सूचना: मराठीतले सोळावे वचन इब्रीत सतरावे असते, कारण तिथे शीर्षकालाही आकडा देतात. नेमके हेच न कळल्यामुळे ‘वचनच गायब केले’ अशी ओरड होते.

‘तिसऱ्या दिवशी’साठी होशेय ६:२ पुढे करतात. तिथे शब्द ‘आपल्याला उठवील’ असा अनेकवचनी आहे, आणि नव्या करारात ते वचन कुठेच उद्धृत नाही. माशाच्या पोटातले योनाचे तीन दिवस आणि तीन रात्री येशूने स्वतः सांगितल्या (मत्तय १२:४०), पण ते भाकीत नव्हे, प्रतिरूप आहे. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार पहाट यात तीन रात्री बसत नाहीत, हा आक्षेपही टिकत नाही. एस्तेर राणीने तीन दिवस, रात्री आणि दिवसा, उपास सांगितला (४:१६) आणि ती तिसऱ्या दिवशीच राजापुढे उभी राहिली (५:१). रामकुंडावर दहावा करणाऱ्या नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको. मृत्यूचा दिवस पहिलाच धरतात.

दानीएल ९मधला हिशेब मात्र सोडून द्यावा. तिथली ६९ ‘सप्तके’ सात-सात वर्षांची आणि वर्ष ३६० दिवसांचे धरून ६९ गुणिले ७ गुणिले ३६० म्हणजे १,७३,८८० दिवस, आणि बरोबर येशूच्या काळात पोहोचलो, असे सांगतात. यहुदी पंचांगात १९ वर्षांत ७ वेळा अधिक मास येतो, तो या हिशेबात धरलेलाच नाही. शिवाय ‘अभिषिक्त तोडला जाईल’ एवढेच तिथे आहे. तो उठेल असे नाही.

योहान २०:९ उघडून पाहावे. रिकाम्या कबरेत डोकावणाऱ्या दोन शिष्यांबद्दल ते वचन सांगते की त्याने मेलेल्यांतून उठणे अवश्य आहे, हे शास्त्र त्यांना तोवर समजले नव्हते. आधी कबर, मग शास्त्राचा उलगडा, हा क्रम खुद्द शुभवर्तमानाने दिलेला आहे. ईस्टरच्या पुरवणीसाठी लिहिणाऱ्यांनी तोच क्रम ठेवावा आणि प्रत्येक वचनाबरोबर इब्री आकडाही द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक