स्पॅनिश मराठीवरूनच शिका

संपादक महोदय,

पॅटागोनिया, म्हणजे चिली-अर्जेंटिनाचा दक्षिण भाग, फिरत स्पॅनिश शिकायचा बेत असेल, तर इंग्रजीचा आधार सोडावा. ‘मला डोंगर आवडतात’ हे स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्तान लास मोन्तान्यास’. डोंगर अनेक, म्हणून क्रियापदही अनेकवचनी, अगदी मराठीसारखं. एकच गोष्ट आवडली की ‘मे गुस्ता’. इंग्रजीतून जाणारा नेमका इथे अडखळतो. उच्चारही सोपे: त, द, प, क आपलेच, फक्त ‘ट’ आणू नये. ‘र’ मात्र जपून. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा!

घोटाळा होतो तो ‘आहे’चा, कारण स्पॅनिशमध्ये त्यासाठी दोन क्रियापदं आहेत. ‘सोय आबुर्रीदो’ म्हणजे मी कंटाळवाणा आहे, ‘एस्तोय आबुर्रीदो’ म्हणजे मला कंटाळा आलाय.

अर्जेंटिनाच्या बाजूला ‘तू’साठी ‘वोस’ वापरतात आणि रस्त्याला बहुधा ‘काशे’ म्हणतात. सीमा ओलांडून चिलीत गेलं की ‘तू’ आणि ‘काये’. एकाच बाजूची सवय आधी पक्की करावी.

चिलीतला कार्रेतेरा आउस्त्राल हा महामार्ग सुमारे १,२४० किलोमीटरचा. कासच्या घाटात गाडी हाकणाऱ्यालाही तिथला ‘रिपिओ’, म्हणजे खडीचा कच्चा रस्ता, दमवतो. मध्ये लांबवर रेंज नसते, त्यामुळे शब्दकोश निघण्याआधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा. आकडे हजारापर्यंत (‘मिल’) पाठ हवेत, कारण पेसोतले (तिथल्या चलनातले) भाव हजारांतच असतात. बसची वेळ विचारायला ‘आ के ओरा साले एल बुस?’ पुरे. उत्तर कळलं नाही तर वही पुढे करून आकडा लिहून घ्यावा.

– एक वाचक, सातारा