खुर्ची उलटी करून दाखवणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेले की तुम्ही "ते राहू द्या, चाकं नीट फिरतायत ना ते सांगा" म्हणून विषय बदलता. म्हणून हे लिहून काढतेय, आणि चारचौघांसमोर ठेवतेय. जुनी खुर्ची घ्यावी की नाही अशा विचारात असलेल्या आणखी कुणाला तुमचं सांगणं उपयोगी पडावं, हाही हेतू आहेच.

एक ऑफिस बंद होत होतं आणि तिथल्या खुर्च्या एका खोलीत रांगेने लावून विकायला काढल्या होत्या. मी मुद्रितशोधनाचं काम करते, दिवसाचे आठ-नऊ तास बसून. दुपार कलली की कमरेच्या डाव्या बाजूला कळ सुरू व्हायची आणि शेवटची पानं मी उभ्याने तपासायचे. चांगली खुर्ची हवी हे कळत होतं. चांगली म्हणजे नेमकी कशी, हे कळत नव्हतं. त्यामुळे मी सरळ तिथल्या एकुलत्या एक एरॉनकडे, त्या नावाजलेल्या जाळीच्या खुर्चीकडे, गेले. नाव ऐकलेलं होतं, जाळी शाबूत होती. "हीच घेते" असं म्हणणार, एवढ्यात तुम्ही मागून म्हणालात, "ताई, एक मिनिट. पाठीच्या वरच्या कडेला मागून हात फिरवा."

बोटांना तीन बारीक उंचवटे लागले. एक उंचवटा म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी, सगळ्यात मोठं माप. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी ही खुर्ची केली, 1994 मध्ये हर्मन मिलर कंपनीने ती बाजारात आणली, तेव्हापासून ती तीन मापांत येते, हे मला तुमच्याकडूनच कळलं. तुम्ही मला तिच्यात बसवलंत. पाठ टेकवली तर बैठकीची पुढची कड थेट गुडघ्यामागे रुतत होती. कड टाळायला पुढे सरकले तर पाठ सुटत होती. "खुर्ची उत्तम आहे. पण उंच माणसाची आहे, आणि हिची बैठक पुढे-मागे सरकत नाही. तुम्ही कायम अर्धवट बसाल."

तुम्ही तिथे दुरुस्तीसाठी खुर्च्या उचलायला आला होतात. मी ती घेतली असती काय आणि न घेतली असती काय, तुमचं काहीच अडत नव्हतं. मग कोपऱ्यातली एक राखाडी, कळकट खुर्ची तुम्ही ओढून माझ्यापुढे ठेवलीत. ती तुम्ही स्वतःच्या गिऱ्हाइकासाठी बाजूला काढली होती, हे मला नंतर कळलं, आणि तेही तुमच्याकडून नाही.

तुम्ही ती सरळ उलटी केलीत. इतका वेळ मी खुर्च्या वरूनच बघत होते. त्या खालून बघायच्या असतात हे तेव्हा कळलं. बैठकीखालच्या लेबलावर बनवल्याची तारीख असते, ती आधी वाचलीत. मग पाचही पाय मध्ये जिथे जुळतात तिथे अंगठ्याने दाबत गेलात, केसाएवढी चीर आहे का ते बघायला. मग मेकॅनिझमचं, म्हणजे बैठकीखालच्या पाठ झुकवणाऱ्या यंत्रणेचं, ओतीव कास्टिंग, पाठीचा दांडा, सगळे स्क्रू. शेवटी खुर्ची पूर्ण उंच करून मला दहा मिनिटं गप्प बसवलंत. मी हळूहळू खाली येत होते. माझा चेहरा पडला, तुमचा नाही. "हायड्रॉलिक, म्हणजे खुर्ची वर-खाली करणारी मधली नळी, गेलंय, ते बदलतं. फोम बदलतो, कापड बदलतं, चाकं बदलतात. बेस, म्हणजे हे पाच पाय, तडकला असता किंवा मेकॅनिझम फुटलं असतं, तर म्हटलं असतं सोडून द्या."

दुरुस्ती तुम्ही दुकानात एका दिवसात करून दिली असती. पण "शिकायचंय का?" असं विचारलंत, आणि मी हो म्हटलं. त्या प्रश्नासाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. त्या रविवारी तुम्ही पाइप पाना आणि रबरी हातोडा घेऊन घरी आलात. आदल्या रात्री सांध्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवायला फोनवर सांगितलं होतंत, तेवढं मी केलं होतं. हायड्रॉलिकला ना स्क्रू ना आटे, दोन्ही टोकं निमुळती असतात आणि माणसाच्या वजनाने घट्ट बसत जातात, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं. वर्षानुवर्षं बसून बसून ती इतकी आवळली होती की माझ्या पहिल्या दहा घावांनी काहीच हललं नाही. तुम्ही माझा हात धरून हातोड्याची जागा बदललीत. मधल्या दांड्यावर मारायचं नाही, बाहेरच्या जाड नळीच्या कडेवर मारायचं, आणि एकाच जागी नाही, गोल फिरत. चौथ्या फेरीला टक् असा कोरडा आवाज आला आणि बेस सुटून खाली पडला. वरचं टोक त्याहून हट्टी निघालं. आतली बारीक नळी पूर्ण बाहेर ओढून पाना अगदी मेकॅनिझमजवळ लावला, तेव्हा कुठे ते फिरलं.

एका गोष्टीवर मात्र तुम्ही आवाज चढवलात. निघत नाही म्हणून मी ड्रिल मारू का असं विचारलं, तर म्हणालात, "आत दाबून भरलेला नायट्रोजन आहे. भोक पाडायचं नाही, कापायचं नाही, तापवायचं नाही." हे मी सगळ्यांना सांगत असते.

नवं हायड्रॉलिक आणण्याआधी मापं घ्यायला लावलीत: बाहेरची नळी 50 मिलिमीटर, वरचं टोक 28, शिवाय एकूण लांबी आणि वर-खाली किती जातं तेही. बसवताना मी सवयीने ग्रीसचा डबा उघडला होता, तो तुम्ही बाजूला ठेवलात. ही पकड घर्षणाची आहे, तिथे तेलाचा थेंबही नको. म्हणून रात्री मारलेलं ते तेलही कापडाने पुसून पुसून काढलं. मग मी तीन-चारदा जोराने बसले आणि झालं. ठोकायची गरजही पडली नाही.

फोमचं काम मला सगळ्यात जड गेलं, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिते. कव्हरच्या स्टेपल उचकटल्या तर आतल्या फोमची पुढची कड पिवळ्या भुकटीसारखी हातात आली. मधला भाग इतका चपटा झाला होता की मूठ दाबली की खालचं प्लायवूड लागायचं. मी दुकानात कडक फोम मागणार होते. तुम्ही फोनवरच थांबवलंत. घनता वेगळी आणि कडकपणा वेगळा. कमी घनतेचा फोमसुद्धा कडक मिळतो, पण तो वर्षभरात बसतो. 40 च्या वरच्या घनतेचा (घनमीटरला इतके किलो) आणि दाबून सोडल्यावर लगेच उसळणारा घ्या, म्हणालात. तो कापला तेव्हा पुढची कड काटकोनात आली. मला ती नीटनेटकी वाटत होती. फोटो पाठवला तर तुमचं एका ओळीचं उत्तर आलं: "पुढची कड गोल करा, मांडीखाली रुतेल." ती उतरती करायला ब्रेड कापायची करवती सुरी घेऊन मी पाऊण तास बसले होते. आता मांडीखाली कड जाणवतसुद्धा नाही, तेव्हा त्या एका ओळीचं मोल मला कळतं.

कापड ताणतानाही तुमचीच पद्धत. आधी चारही बाजूंच्या मधोमध एकेक स्टेपल, मग समोरासमोर सरकत जायचं, कोपरे सर्वांत शेवटी. पहिल्या वेळी मी एका कोपऱ्यातून सुरू केलं होतं आणि दुसऱ्या टोकाला चुणी पडली. सगळं उचकटून पुन्हा लावलं. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत.

चाकांत कुणाकुणाचे किती वर्षांचे केस गुंडाळले होते देव जाणे. कात्रीने कापून चिमट्याने ओढून काढले. दोन चाकं तरीही अडत होती, म्हणून पाचही नवी घेतली. दांडा 11 मिलिमीटरचा आहे ना, हे आधी मोजून. माझ्याकडे गालिचा नाही, नुसती फरशी, म्हणून मऊ पॉलियुरेथेनची.

सगळं जोडून झाल्यावर मला वाटलं, संपलं. तुम्ही म्हणालात, आता खरं काम. तळपाय पूर्ण टेकतील इतकी उंची. गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मोकळी. हात टेकवल्यावर खांदे वर उचलले जायला नकोत. कमरेचा आधार पट्टा बांधतो त्या उंचीला. आणि पाठ ताठ लॉक करून ठेवायची नाही. मागे रेललं की पाठीने सोबत यावं, सोडलं की हलकेच परत आणावं, इतकाच ताण. तो नॉब तुम्ही मला पाव-पाव फेरीने फिरवायला लावलात आणि प्रत्येक वेळी विचारलंत, "आता?" इतकी वर्षं मी बसतेय, पण कसं बसल्यावर बरं वाटतं हे मला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं.

कळ पूर्ण गेली असं म्हणणार नाही. लांबचं काम असलं की अजून येते. पण आता ती तिन्हीसांजेनंतर येते, आणि शेवटची पानं मी बसून तपासते. परवा तर एक जाड हस्तलिखित एका बैठकीत संपवलं, मध्ये फक्त पाय मोकळे करायला उठले.

कामाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. "काम तुम्ही केलंत" हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण वादात मी तुमच्यापुढे टिकत नाही. तुमचा पाइप पाना अजून माझ्याकडेच आहे. पुसून, तेलाचं बोट फिरवून, कापडात गुंडाळून ठेवलाय. या रविवारी घेऊन येते. शेजारच्या वहिनींची खुर्चीही खाली बसायला लागलीय, तिच्या हायड्रॉलिकची मापं घेऊन ठेवली आहेत. ती बरोबर घेतलीत का, तेवढं बघून द्या.

आपली ऋणी,
राखाडी खुर्चीवाली ताई