अमेरिकेतही धुऱ्याची भांडणं

संपादक महोदय, नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत नात गावी आली होती, सातवीत आहे, शाळेनं जगाचा नकाशा भरून आणायला सांगितला होता. ओसरीवर नकाशा पसरला, एका कोपऱ्यावर पानाचा डबा न दुसऱ्यावर अडकित्ता ठेवला, आणि पोरगी अमेरिकेवर बोट ठेवून म्हणते, "आबाजी, ह्या रेघा इतक्या सरळ कावून हायेत? आपल्या त साऱ्या वाकड्या." मी सांगितलं की बाई, तिथं बऱ्याच राज्यांच्या हद्दी जमीन नीट पाहायच्या आधीच कागदावर पट्टी ठेवून आखल्या, आपल्याकडं नदी-नाला पाहून पडल्या. मग काय, नकाशा राहिला बाजूला न दोन दिवस आम्ही तेच बोलत बसलो.

तिला सगळ्यात आवडलं ते ओहायो आणि मिशिगनचं भांडण. १८३५ सालची गोष्ट. जुन्या नकाशात मिशिगन सरोवराचं खालचं टोक चुकीच्या जागी दाखवलेलं, त्यामुळं टोलेडो गावाजवळची एक लांब पट्टी दोघंही आमची म्हणायला लागले, दोन्हीकडून बंदुका घेऊन माणसं निघाली. आपल्याकडं धुरा हातभर सरकला की भाऊ-भाऊ कोर्टात जातात, अगदी तसंच. पण अख्ख्या भांडणात नाव घेण्यासारखा जखमी एकच, मिशिगनचा एक डेप्युटी शेरीफ, म्हणजे तिकडचा पोलीस अंमलदार, त्याला चाकू लागला, तोही वाचला. चाकू मारणाऱ्या पोराचं नाव काय तर 'टू'! बापानं मोठ्याचं नाव 'वन' ठेवलं होतं न धाकट्याचं 'टू', आडनाव स्टिकनी. शेवटी टोलेडो ओहायोला गेलं आणि मिशिगनला वरचं जंगलाचं द्वीपकल्प देऊन गप्प बसवलं, लोक लय नाराज झाले, पण पुढं तिथंच तांबं न लोखंड निघालं. मिशिगन राज्य झालं ती तारीख २६ जानेवारी, १८३७. नातीनं ती वहीत लिहून घेतली.

उत्तर न दक्षिण डाकोटा ह्या दोन राज्यांचं तर अजून वेगळं. २ नोव्हेंबर १८८९ ला प्रेसिडेंट हॅरिसननं दोघांना राज्य करायचे कागद उलटसुलट करून मजकूर झाकून सह्या केल्या, म्हणजे आधी कोण, मागून कोण हे कोणालाच कळू नये. घरात वाटण्या करणाऱ्या माणसानं एवढं मन राखावं हे मला फार मोठं वाटतं.

आणि अलास्का! १८६७ ला रशियाकडून ७२ लाख डॉलरमध्ये विकत घेतलं. हे सांगता सांगता मला आपलं वऱ्हाड आठवलं. निजामाचं वऱ्हाड इंग्रजांनी १८५३ पासून ताब्यात ठेवलं आणि १९०२ ला वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचं ठेक्यानं घेतलं, जसं आपण शेत ठेक्यानं देतो तसं. नात माझ्याकडं पाहतच राहिली. आमच्या वावरातून वर्धा नदी दिसते, पल्याड आर्वी, अल्याड आम्ही, आणि ही नदी कधीकाळी निजाम न नागपूरकर भोसल्यांच्या मुलखाची हद्द होती हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. चूक माझीही आहे, मीच सांगायला पाहिजे होतं.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६३ ला व्हर्जिनिया फुटून वेस्ट व्हर्जिनिया वेगळं झालं, आणि त्याच युद्धामुळं तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना म्हणून आपल्या वऱ्हाडाच्या कापसाला भाव चढला. म्हणजे त्यांच्या वाटणीच्या भांडणाची झळ न फायदा आपल्या कापसाच्या बाजारापर्यंत पोचला, हे पोरांना सांगितलं तर इतिहास रटाळ कसा वाटेल सांगा.

म्हणून विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान तरी आपल्या हद्दींना द्या. १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली निघाली, १९९८ ला अकोल्यातून वाशिम, १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया, ते पाहिलेली माणसं अजून आहेत, तलाठी, मास्तर, कोतवाल, त्यांच्याकडून लिहून घ्या. आमच्या गावात नव्वदीचे दोघं आहेत, दोघांचीही आठवण पक्की आहे, तुमचा वार्ताहर आला तर मी स्वतः त्यांच्या घरी घेऊन जाईन.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. तिवसा, जि. अमरावती